बोटांनी मोजलेल्या वाटा

दर्पण कॉलनीच्या बागेत मी रोज संध्याकाळी तासभर चालते, असं नातीने दिलेल्या माझ्या फोनला वाटतं. खरं म्हणजे मी दोन फेऱ्या मारते, मग बाकावर बसते आणि फोन हातात धरून हलवत राहते. तो बिचारा पावलं मोजत राहतो. परवा नातीने पकडलं.

"आजी, तू चीटिंग करते आहेस ना? सच बोल."

"या धंद्यात मी तुझ्यापेक्षा लहान होते तेव्हापासून आहे," मी म्हटलं. ती खो खो हसली. तिला वाटलं, आजी मस्करी करते आहे.

माझे वडील ग्वाल्हेर दरबारात पायवाटांचं काम बघत. असंही एक टेबल होतं, हे आता सांगून कुणाला पटत नाही. दरबारच्या पाहुण्यांना, त्यांच्याबरोबर आलेल्या सासवा-सुनांना सकाळी पायी हिंडायला वाटा लागत. त्या राखायच्या, काटेरी झुडपं तोडायची, निसटलेले दगड बसवायचे आणि कुठली वाट किती सोपी ते वहीत लिहायचं. शहराबाहेरच्या टेकड्यांवर, तिघऱ्याच्या धरणाकडे, अशा नऊ वाटा त्यांच्याकडे होत्या. अडचण एकच होती. बाबांच्या पायांना चढ कळत नसे. जिथे दुसऱ्याला धाप लागे, तिथे ते निवांत उभे राहून पानाला चुना लावत.

म्हणून त्यांनी स्वतःची एक रीत काढली. काठोकाठ भरलेला तांब्या माझ्या हातात द्यायचा आणि मला चालायला लावायचं. वाट संपली की तांब्याच्या काठापासून आत बोटं आडवी लावून बघायचं, पाणी किती बोटं उतरलं. एक-दोन बोटं उतरलं तर ती वाट सासवांची. तीन-चार उतरलं तर सुनांची. त्याहून जास्त उतरलं तर ज्यांना मिशा आहेत त्यांनी जावं. पावसाळ्यात वाटा फुटत, म्हणून दर वर्षी दसऱ्यानंतर नव्याने मोजणी.

ते पुढे चालत आणि मागे वळून कधी बघत नसत. एकदा मी कारण विचारलं. म्हणाले, "मी बघितलं की तू जपून चालशील. मग वाट कशी आहे ते कळणार नाही, तू कशी आहेस ते कळेल."

ती मी कशी होते, ते आता सांगायला हरकत नाही. सहा-सात वर्षांची, परकर-पोलक्यातली, तोंडावर भाव असा की देवळात नैवेद्य घेऊन निघाली आहे. आणि तहान लागली की घटाघटा तांब्यातलं पाणी पिणारी. धरणाकाठची वाट तळहातासारखी सपाट, पण तिथे ऊन फार. त्यामुळे ती वहीत पाच बोटांची झाली आणि कित्येक म्हाताऱ्या सासवा धरण न बघताच परत गेल्या. उलट झऱ्याची वाट. ती म्हणजे नुसता खडा चढ, कमरेएवढाल्या दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंनी करौंद्याची काटेरी जाळी. तिथे अर्धा तांब्या माझ्या परकरावरच सांडे. पण माथ्याच्या जरा अलीकडे झरा होता. बाबा पुढे जात, मी वाकून तांब्या भरून घेई. वहीत नोंद झाली: झऱ्याची वाट, एक बोट, सर्वांत सोपी. बाबा म्हणत, "बघ, चढ दिसतो, पण फसवा आहे." मी मान डोलवत असे. मोठी गुणाची पोर.

पाहुण्यांनी तक्रार कशी केली नाही, असं कुणी विचारेल. राजाच्या घरी पाहुणचार घेऊन, मला धाप लागली असं सांगायची पद्धत नव्हती.

मग दरबार संपला आणि मध्य भारत नावाचं नवं राज्य आलं. बाबांचं टेबल जंगल खात्याच्या एका कोपऱ्यात सरकलं. पाहुणे यायचे थांबले, तरी दसऱ्यानंतर ते मला घेऊन निघत आणि मोजणी करत. माझ्या परकराची साडी झाली. झऱ्यावर वाकायची सवय तशीच राहिली.

पुढे राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानी भोपाळला गेली. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरातली आमची पेठ, तिथली आमची अर्धी माणसं सामान बांधू लागली. कचेऱ्यांसमोर ट्रक उभे असत, त्यांत फडताळं आडवी चढवलेली असत, त्यांची दारं वाटेत उघडू नयेत म्हणून सुतळीने बांधलेली. कुणी रडत नव्हतं. बायका भेटल्या की, कुठल्या ट्रंकेत काय भरलं एवढंच बोलत. मी सतरा वर्षांची होते. गच्चीवरून ट्रक बघायची आणि मला काहीच वाटायचं नाही. जिना उतरून खाली यायची, जेवायची, झोपायची.

बाबांच्या टेबलाचं काय करायचं, ते कुणाला ठरवता येईना. शेवटी कळलं की भोपाळहून एक साहेब येतील, एखादी वाट स्वतः चालून बघतील. वाटा सामान्य लोकांच्या उपयोगाच्या वाटल्या तर टेबल ग्वाल्हेरलाच राहील. नाही तर बाबांनी भोपाळला फायलींत बसायचं. आजी अंथरुणाला खिळलेली होती, तिला सोडून आई हलू शकत नव्हती. म्हणजे गेले तर बाबा एकटे जाणार. बंद खोलीत तासभर बसलं तरी ज्यांना गुदमरायला होई, ते बाबा.

साहेब आले. गोल, हसतमुख, हातात छडी. जीपमधून उतरता उतरताच म्हणाले, "बड़े बाबू, घुटनों का मामला है। सबसे आसान वाली दिखाइए।"

बाबांनी वही उघडली. मला पान बघायची गरज नव्हती.

"झऱ्याची," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले आणि तांब्या माझ्या हातात दिला. साहेबांना रीत दाखवायची होती.

तेव्हा बोलायला हवं होतं. 'बाबा, ती नको, धरणाकाठची घ्या', एवढंच. सतरा वर्षांची घोडी, घरात सगळ्यांना उलटी उत्तरं देणारी, त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिली. मला वाटलं, कदाचित या वेळी चढ कमी असेल. टेकडीला माझी दया येईल, असा काहीसा माझा हिशेब होता.

आम्ही निघालो. बाबा पुढे, मध्ये साहेब, मागे मी. पहिल्या वळणापर्यंत साहेबांनी राजकारणावर गप्पा मारल्या. दुसऱ्या वळणापर्यंत फक्त हूं हूं केलं. त्यानंतर फक्त छडीचा आवाज. बाबा झाडं दाखवत होते. "ये करधई है साहब। मरा हुआ लगता है, पर हवा में ज़रा नमी आ जाए तो हरा हो जाता है।" करधईच्या राखाडी काड्या दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. साहेब म्हणाले, "मैं भी... नमी का... इंतज़ार कर रहा हूँ।"

मोठ्या पायरीवर त्यांचा गुडघा अडकला. कसेबसे झऱ्यापर्यंत आले आणि दगडावर बसले ते बसलेच. रुमालाने मान पुसत राहिले.

आणि तेवढ्यात मी ते केलं. काही ठरवलं नव्हतं. दर वर्षी त्या जागी यायचं आणि वाकायचं, म्हणून मी वाकले आणि तांब्या झऱ्याखाली धरला. भरून वर आले तर समोर बाबा. साहेबांना बघायला ते मागे वळले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी तांब्याकडे बघितलं, मग झऱ्याकडे.

"नेहमी?" त्यांनी विचारलं.

"नेहमी."

"बरं," ते म्हणाले आणि तांब्या माझ्या हातातून घेऊन साहेबांना पाणी दिलं.

खालच्या वस्तीतून दोन गुर्जर खाट घेऊन आले. साहेबांना खाटेवर घालून खाली नेलं. माणूस भला होता, खाटेवरूनही हसत म्हणाला, "बड़े बाबू, आपकी सबसे आसान ये है, तो मुश्किल वाली में क्या कंधे पर ही ले जाते हैं?" बाबाही हसले. चूक माझी आहे असं ते कुणालाही म्हणाले नाहीत. साहेबांनी लिहून पाठवलं की नोंदी भरवशाच्या नाहीत. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं.

भोपाळला हजर व्हायला बाबांना पंधरा दिवस मिळाले. आई ट्रंक भरत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबांनी मला उठवलं, तांब्या दिला. आम्ही धरणाकाठी गेलो. मग रोज एक वाट. नऊ दिवसांत नऊ. ती वही आता कुणी उघडणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. ते पुढे चालत होते आणि पहिल्यासारखेच मागे बघत नव्हते. मी तहान लागली तरी प्यायले नाही. पाप धुऊन टाकावं वगैरे काही मनात नव्हतं. मनगट बधिर व्हायचं, तांब्या हातात आहे की नाही ते कळायचं नाही, म्हणून मी त्याच्याकडेच बघत चालायची. जंगल कसं होतं, कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही.

धरणाकाठच्या वाटेला एक बोट आलं. त्यांनी पाच खोडून पेन्सिलने एक लिहिलं.

झऱ्याची वाट शेवटी ठेवली होती. झरा आला तेव्हा तांब्या अर्ध्याखाली गेला होता. बाबांची पावलं पुढे वाजत राहिली. मी झऱ्याशेजारून गेले. माथ्यावर त्यांनी तांब्यात बोटं लावली, एक हात संपला, मग दुसऱ्या हाताची लावली.

"सात," ते म्हणाले. "चांगलीच अवघड आहे गं."

वहीत तेच लिहिलं. उरलेलं पाणी आम्ही दोघं अर्धं अर्धं प्यायलो, तांब्या पिशवीत उपडा घातला आणि उतरायला लागलो. उतरताना मी पुढे होते. मी मागे वळून बघितलं नाही.