मास्तरांच्या उठबशा

मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कंबरा मोजल्या, स्वतःच्या कमरेला मात्र कधी टेप लावली नाही. शिलाई मशीनवर वाकून वाकून पाठीला पोक आलेलं, पोट सुटलेलं, हातपाय काटकुळे. डॉक्टरांनी सांगून झालं, लेकीने भांडून झालं. तिने हौसेने आणलेले चालायचे बूट खोक्यातच जुने झाले. "आता या वयात कोणाला दाखवायचंय अंग?" एवढं बोलून मास्तर पुन्हा मशीनला जुंपून घ्यायचे.

मग बायकोला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. जीभ तेवढी शाबूत राहिली आणि तिची धारही. मास्तरांनी दुकान बंद करून मशीन घराच्या पुढच्या खोलीत आणलं. तिला उठवायचं, पुसायचं, भरवायचं, मधेच कुणाची पँट आखूड करून द्यायची, की पुन्हा तिला उठवायचं. संध्याकाळपर्यंत अंगाचा पार चोथा व्हायचा.

एका सकाळी पलंगावरून खुर्चीत बसवताना ती त्यांच्या हातातून निसटली. आपटली नाही, कारण मास्तरच तिच्याखाली आले. त्यांनी तिच्या काखेत हात घालून पुन्हा पुन्हा जोर लावला. ती जागची हलेना. शेवटी धाप लागून तेही तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसले.

"शेजाऱ्यांना हाक मारू का?"

"खबरदार! अंगावर धड कपडे नाहीत माझ्या."

"मग करायचं काय?"

"बसा. नाहीतरी कधी बसलात असे माझ्याजवळ?"

मास्तरांनी पलंगावरची चादर ओढून तिच्या अंगावर टाकली. फरशी गार होती. एक गिऱ्हाईक दार ठोठावून, कंटाळून निघून गेलं. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "दमलात हो तुम्ही."

मास्तरांनी तिच्या अंगावरची चादर नीट केली. यापेक्षा टोमणा परवडला असता.

दुपारी तिच्याकडून व्यायाम करून घेणारी मुलगी आली, तेव्हा भिंतीच्या आधाराने उठून मास्तरांनी दार उघडलं. ती पोरगी दिसायला काडीसारखी. पण तिने पाय रोवले, गुडघे वाकवले, बाईंना छातीशी धरलं आणि अलगद खुर्चीत बसवलं.

जाताना मास्तरांनी तिला दारात गाठलं. "मलाही काहीतरी शिकव."

"तुम्हाला काय होतंय काका?"

"मला काही नाही. हिला उचलायचंय."

तिने सोपंच सांगितलं. खुर्चीवर बसायचं, हाताचा टेकू न घेता उठायचं, पुन्हा बसायचं. सोपं म्हणे! पहिल्या दिवशी मास्तरांच्या मांड्या लटलट कापायला लागल्या. पलंगावरून बायको बघत होती.

"कान पण धरा, म्हणजे शिक्षा पुरी होईल."

"तुझ्यापायीच चाललंय हे."

"मग नीट करा की. अर्धवटच उठताय."

गोडी काही लागली नाही. रोज सकाळी जिवावर यायचं. मधेच दांड्या पडायच्या, मग तिला उचलताना कमरेतून कळ निघायची आणि मास्तर मुकाट्याने पुन्हा खुर्चीकडे वळायचे. असे कितीतरी महिने गेले. एकदा चहात साखर कमी का, यावरून दोघांची जुंपली होती. भांडता भांडता मास्तरांनी तिला पलंगावरून खुर्चीत आणून बसवलं, आणि भांडण संपल्यावर दोघांच्या ध्यानात आलं की आज कोणीच कण्हलं नाही.

"कमाल आहे मास्तर!" उठबशा चाललेल्या पाहून एक गिऱ्हाईक म्हणालं. "या वयात एवढा हुरूप आणता कुठून?"

"हुरूप कसला! ती पलंगावर असते, खुर्ची पलीकडे. मधे मीच असतो."

पुढे लेक आईला थोड्या दिवसांसाठी आपल्याकडे घेऊन गेली. "बाबा, तुम्ही निव्वळ आराम करा," असं बजावून गेली. मास्तर पहिल्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत लोळले. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतरच्या सकाळी मात्र अंग आंबल्यासारखं झालं आणि पडवेना. ते चडफडतच उठले, खुर्ची ओढली, उठबशा सुरू केल्या. मधेच थांबले. आज कोणाला उचलायचंय? घरात चिटपाखरू नव्हतं. पण पाठ हळूहळू सैल होत होती, श्वास मोकळा होत होता. हे पाय आपलेही आहेत, असं त्यांना कधी नव्हे ते वाटलं. उरलेल्या उठबशा त्यांनी सावकाश, नीट काढल्या.

मग त्यांनी फोन लावला. "कोण उचलतं तुला तिथे?"

"जावई. दांडगा आहे, पण पोत्यासारखं उचलतो हो."

"मी येऊ न्यायला?"

"लेक ओरडेल. झोपा चार दिवस निवांत."

"झोपून झालं माझं," मास्तर म्हणाले.