कानाशी बोलणारे बाबा

वर्ध्याच्या चित्रसंग्रहालयात मला टिकवलं ते जीनवाल्या बाबांनी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात त्यांचा हेवाच जास्त आहे.

बाबा कोणाशीही बोलताना त्याच्या कानाजवळ तोंड नेत. आमचं संग्रहालय म्हणजे जुनं जीन. तिथं कापसातली सरकी काढायचे रेचे चालत आणि बाबांचं तरुणपण त्या रेच्यांवर गेलेलं. त्या आवाजात असंच बोलावं लागायचं. रेचे गेले, भिंतींवर चित्रं आली, बाबा पहारेकरी झाले, तरी सवय राहिली. चित्रांकडं पाठ करून ते पाहुण्याच्या कानात सांगत, "ह्या भितीले हात लावा. जितका चुना, तितकीच रुई आहे इच्यात." पाहुण्याला वाटे, हे गुपित फक्त आपल्यालाच सांगितलं.

मी सातवीत शाळा सोडलेली, कोकणातून मावशीकडं आलेली. पाहुण्यांना चित्रं दाखवायच्या कामावर घेताना संग्रहालयाचे साहेब म्हणाले होते, "तीन महिने पाहू." चित्रांखालच्या पाट्या मी घोकून पाठ केल्या. पण मी तोंड उघडलं की पाहुणे मान डोलवत बाबांकडं सरकायचे. एवढी जळायचे मी! एकदा मीही एका बाईंच्या कानाशी तोंड नेलं, तर त्या पर्स सावरत मागं सरल्या. बाबा पोट धरून हसले. "काऊन व माय, चावून राह्यली का तिले?"

तिसरा महिना संपत आला तेव्हा रोहणा गावच्या शाळेची पोरं आली. साहेबही मागं उभे. कापूस वेचणाऱ्या बायांच्या चित्रापाशी मी पाटी म्हणून दाखवली, तोच एका मुलीनं विचारलं, "बाई, हिनं कमरेले काय बांधलं?" तिला ठाऊक होतं, हे तिच्या डोळ्यांतच दिसत होतं. पाटीवर मात्र ते नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. बाबा दोन पावलांवर होते. वाटलं, आता सगळी पोरं तेच आपल्याकडं ओढून नेणार.

"मले का मालूम!" बाबा मोठ्यानं म्हणाले. "तुमीच सांगा बाईले. इनं कापूस वेचला नाई कधी. इच्या गावाले समुद्र आहे, तो विचारा इले."

पोरींनी वेचलेला कापूस टाकायला माझ्या कमरेला ओढणीची ओटी बांधली, बोंडातून कापूस कसा ओढायचा ते हवेतच हात करून दाखवलं, "अशानं दिवसभरात मूठभर होईन, बाई" म्हणून चिडवलं. मग समुद्राचं विचारत बसल्या. साहेब हसत होते. बाबा दाराशी जाऊन एकटेच उभे राहिले. जन्म कापसात गेलेल्या माणसाला ओटी ठाऊक नव्हती होय! माझी नोकरी पक्की झाली, आणि आनंदाइतकाच हेवा वाटला. हाताशी आलेली पोरं अशी दुसऱ्याला देऊन टाकणं मला सुचलं असतं का?

गुडघे धरले तसे बाबा लेकीकडं केळझरला गेले. निघताना कानात म्हणाले, "पाट्या नको पाठ करत जाऊ. लोकायले विचारत जा." आजही जुने पाहुणे दारातूनच विचारतात, "ते बाबा कुठं?" आणि मला अजून झोंबतं.

एकदा गाडी करून मी त्यांना आणणार आहे, शाळा यायची असेल त्याच दिवशी. पोरांनी काही विचारलं की म्हणेन, मला काय ठाऊक, बाबांना विचारा. सगळी पोरं तिकडं वळतील. जळेन मी थोडी. पण वळवीनच.