चौदा शाळांची पाहुणी

खिंड बंद झाली नसती, तर बुरुलचा नावाच्या एजे (तिकडे ताईंना, बाईंना एजेच म्हणतात) त्याच वर्षी मे महिन्यात डॉक्टर झाल्या असत्या. प्रबंध टाइप होऊन तयार होता, किरगिझस्तानात, बिश्केकच्या विद्यापीठात, प्रबंध तपासणाऱ्या परिषदेने तारीख दिली होती, आणि समारंभाला कोण काय रांधून आणणार हेसुद्धा विभागातल्या बायकांनी आपसांत वाटून घेतलं होतं.

प्रबंधाचा विषय साधा होता. डोंगरातल्या शाळांत इंग्रजी शिकवतात तेव्हा वर्गात खरोखर काय घडतं? मोठमोठे प्राध्यापक यावर पाठ्यपुस्तकं समोर ठेवून लिहीत. एजे स्वतः सहा वर्षं खेड्यात मास्तरीण होत्या, त्यामुळे पुस्तकातला तास आणि वर्गातला तास यांची कधी गाठ पडत नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या रेकॉर्डर घेऊन निघाल्या. सात वर्षं. कधी कोळशाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी, कधी घोड्यावर. नारिन नदीच्या वरच्या बाजूच्या चौदा शाळांतले बेचाळीस तास त्यांनी टिपले, आणि कोण बोललं, किती बोललं, कोणत्या भाषेत बोललं, ते एकेक वाक्य कागदावर उतरवलं. दहातली सात वाक्यं इंग्रजीत निघाली. मुलंही भराभरा हात वर करणारी. त्यांचे मार्गदर्शक ईशेनबेक आगाय, म्हणजे सर, खूश झाले. म्हणाले, "डोंगरातल्या शाळांना नावं ठेवणाऱ्यांची तोंडं आता बंद कर."

मार्चमध्ये चोंग-बुलाकच्या शाळेतून एका कागदावर शिक्का आणायचा राहिला होता. आधी पत्र धाडून एजे गेल्या. तिथल्या सोनुनबुबु बाईंचा आणखी एक तास त्यांनी टिपून घेतला. मुख्याध्यापकांनी घरी मेंढी कापली. दुसऱ्या दिवशी पाहावं तर बर्फाने खिंड बंद. गाडी नाही, म्हणून एजे शाळेच्या शिक्षक खोलीत चुलीपाशी कागद चाळत बसल्या. भिंत पातळ होती. पलीकडे सोनुन एजेंचा सातवीचा वर्ग.

एका मुलीचा आवाज आला, "एजे, पाहुणी गेली का?"

"गेली असेल. बस खाली."

"मग आज कालचाच धडा म्हणायचा, की खरा शिकायचा?"

वर्ग हसला. सोनुन एजे म्हणाल्या, "खरा. कालचा आठवडाभर घोटलाय. आता तो झोपेत म्हणा."

त्यानंतरचा सगळा तास किरगिझ भाषेत चालला. मध्येमध्ये एखादं इंग्रजी वाक्य.

बुरुलचा एजेंच्या हातातला चहा थंड झाला. खुला तास त्यांना नवा नव्हता. तपासनीस यायचा असला की मुलांकडून धडा पाठ करून घ्यायचा, कोणी कोणतं उत्तर द्यायचं ते ठरवून टाकायचं, हे त्यांनी स्वतः सहा वर्षं केलं होतं. पण आपण तपासनीस नाही, आपल्यासाठी कोण एवढं मांडणार, अशी त्यांची समजूत. वर प्रत्येक शाळेला दोन आठवडे आधी पत्र धाडायचं, परवानगी मागायची, हा संशोधनाचा नियम त्यांनी न चुकता पाळला होता.

मधल्या सुट्टीत त्यांनी विचारलंच, "सोनुन एजे, कालच्यासाठी किती दिवस तयारी केलीत?"

"एक आठवडा. का, कमी पडली?"

"मी तपासायला नव्हते आले."

"अगं, पाहुणा तपासायला येवो की जेवायला, फाटकी गोधडी कोण अंथरतं त्याच्यापुढे? तुमच्या घरी अंथरतात?"

"बाकीच्या शाळांतही असंच झालं असेल?"

"मला काय माहीत. पण बिश्केकहून बाई येतेय हे पत्र सगळ्यांनाच गेलं ना?"

चौथ्या दिवशी खिंड उघडली. एजे थेट आगायांकडे गेल्या. सगळं ऐकून आगाय म्हणाले, "एक तळटीप टाक. सगळ्यांच्याच नोंदी अशा असतात. आणि चौदा शाळा दुसऱ्या कोणी जमवल्यात?"

"आगाय, त्या चौदा शाळा नाहीत. चौदा पाहुणचार आहेत."

आगायांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सात वर्षं जातील तुझी."

"ती गेलीच आहेत."

"तारीख मागे घ्यायचा अर्ज मी लिहिणार नाही. तू लिही. सही करतो."

विभागात कुजबुज झाली. एक जण तर तोंडावर म्हणाली, "दुसरी असती तर कानात कापूस घालून बसली असती त्या भिंतीपाशी." एजे म्हणाल्या, "मलाही आधी तेच सुचलं होतं."

सप्टेंबरात बिनपगारी रजा टाकून त्या चोंग-बुलाकला सोनुन एजेंच्या घरी राहायला गेल्या. शाळेत रोज मागच्या बाकावर बसत. पण तास अजूनही इस्त्री केलेले. घरातही त्यांना दारापासून सगळ्यांत दूरची, मानाची जागा. तिथे बसलेल्या माणसासमोर कोणी मोकळं भांडतही नाही, तर शिकवेल कसं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग एके दिवशी त्या उठल्या आणि दाराशी, समोवारजवळ, चहाच्या बंबापाशी, जाऊन बसल्या. ती जागा सुनेची, चहा ओतणारीची.

सून आइझादा घाबरली. "एजे, लोक काय म्हणतील? पाहुणीला चहा ओतायला बसवलं म्हणून माझ्या नावाने ओरडतील."

"ओरडू देत. तू गरम गरम जेव एकदा."

पहिल्याच वाटीला सोनुन एजे करवादल्या, "काठोकाठ भरलीस? मला माझ्याच घरातून हाकलतेस का?" भरलेली वाटी म्हणजे 'आता निघा', म्हणून अर्धीच ओतायची, हे शहरात राहून बुरुलचा एजेंचा हात विसरला होता. चार दिवसांत पुन्हा बसला.

नोव्हेंबरचा एक तास. सोनुन एजे फळ्याशी होत्या. वाक्य अर्ध्यावर सोडून त्या मागे वळल्या. "बुरुलचा, नुसती बसून काय राहिलीस? चुलीत कोळसा टाक."

सगळ्या मुलांदेखत. बुरुलचा एजेंनी कोळसा टाकला, हात झटकले, बाकावर येऊन वहीत तारीख घातली आणि लिहिलं : तास पहिला. आधीच्या दोन महिन्यांची वही त्यांनी बाजूला ठेवली.

त्या हिवाळ्यात त्यांनी जे पाहिलं ते बेचाळीस तासांत कुठेच नव्हतं. सोनुन एजे किरगिझमध्ये गावातलंच एखादं भांडण रंगवत. कोणाचा घोडा कोणाच्या जवात शिरला, मग कोण काय म्हणालं. ऐन झोंबणाऱ्या बोलापाशी त्या थांबत. तो बोल मुलांनी इंग्रजीत म्हणायचा. मुलं त्यासाठी एकमेकांना ढकलत, आणि एरवी तोंड न उघडणारी पोरं सगळ्यांत पुढे, कारण घोडा त्यांच्याच घरचा असायचा. पाहुणे आले की सोनुन एजे नेमकं हेच झाकून ठेवत. त्यांच्या लेखी ती फाटकी गोधडी होती.

आता दुसरी धास्ती. हे लिहायचं तर पाठ केलेल्या तासांचंही लिहावं लागणार, आणि बाई गावात उघड्या पडणार. बुरुलचा एजेंनी त्या प्रकरणाला नाव दिलं, 'संशोधिकेची चूक', आणि पहिल्या ओळीपासून दोष स्वतःकडे घेतला. रीतीप्रमाणे बाईंचं नावही झाकलं. मग ते प्रकरण त्यांनी सोनुन एजेंना वाचून दाखवलं. त्या कणीक मळत ऐकत होत्या.

"ही 'शिक्षिका स' कोण?"

"तुम्ही."

"मग धड नाव का नाही? मी काय चोरी केलीय?"

"तशी रीत आहे, एजे. कोणाला त्रास होऊ नये म्हणून."

"वरच्या गावची सायराकान उद्या सांगत सुटेल की ती मीच. पूर्ण नाव लिही. बापाचंही घाल."

"खुल्या तासांचंही लिहिलंय त्यात."

"मग? पाहुणचार केला, त्यात लपवायचं काय? फसलीस तू."

तीन वर्षांनी परिषद भरली. सोनुन एजे नवा रुमाल बांधून तिसऱ्या रांगेत येऊन बसल्या. एका परीक्षकाने सरळ टोला मारला, "मागे चौदा शाळा होत्या, आता एकच. हे संशोधन वाढलं म्हणायचं की आटलं?"

बुरुलचा एजे म्हणाल्या, "त्या एका शाळेतले एकशे साठ तास आहेत. त्यातले पहिले एकतीस मी धरलेले नाहीत."

"का?"

"तेव्हा मी पाहुणी होते."

तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "चौतीस धर गं. पुढचे तीन तासही मी जरा सांभाळूनच शिकवत होते."

अध्यक्षांनी टेबलावर पेन्सिल वाजवली. प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. ईशेनबेक आगायांनी कपाळाला हात लावला, कारण एक आकडा हलला की पुढचे सगळे तक्ते हलतात. बुरुलचा एजेंनी मागे वळून बाईंकडे पाहिलं. मग पेन काढून परिषदेसमोरच एकतीस खोडलं, वर चौतीस लिहिलं, आणि म्हणाल्या, "तक्ते नव्याने करावे लागतील. मला महिनाभर द्या."

परिषदेने महिन्याची मुदत दिली आणि त्याच दुपारी पदवीसाठी मतं घेतली. बारा बाजूने, एक विरुद्ध.