उपासाला कार्ब धरत नाहीत

आमच्या गल्लीत किस्से शोधायला जावं लागत नाही. सकाळी दार उघडून उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलं, की ते आपल्या पायानं येतात, चहा पितात आणि जाताना अर्धे सांडून जातात. मी फक्त गोळा करते. लोक मला चौकस म्हणतात. म्हणू देत! शेजारीण चौकस नसेल, तर गल्लीत आणि लॉजमध्ये फरक काय राहिला?

गेल्या वर्षातले निम्मे किस्से एकट्या अक्कांचे. अक्का माझ्या भिंतीला भिंत लागून राहतात. सोलापुरात सात रस्त्याच्या आसपास ज्यांनी ब्लाउज शिवून घेतले, त्यांना अक्कांचा हात माहीत आहे. अकलूजला दिलेल्या पोरीसुद्धा माहेरी आल्या की कापड घेऊन यायच्या. पण दोन वर्षांपासून डोळ्यांत मोतीबिंदू. भिंतीवर थाप पडायची, "मंगल, ये गं, सुई ओवून दे." एकदा हिरव्या ब्लाउजला निळ्या दोऱ्यानं हातशिलाई घातली. गिऱ्हाईक बाई बघतच राहिली. अक्का म्हणाल्या, "फॅशन हाय!"

शेवटी मीच धरून डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "मोतीबिंदू पिकलाय, पण साखर एवढी असताना मी डोळ्याला हात लावणार नाही. आधी साखर आणि वजन खाली आणा. तीन महिन्यांनी या."

येताना रिक्षात अक्का रिपोर्टची घडी घालत, उलगडत बसल्या. घर आलं तेव्हा म्हणाल्या, "साखर न्हाय उतरली तर मशीन इकून टाकायची का गं?"

मी म्हटलं, "मी आहे ना!" आणि मी होतेच. रोज तिन्ही वेळा.

*

अक्कांच्या साखरेच्या डॉक्टरांनी आहाराच्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम लहान वयाच्या, पण बोलायला गोड. म्हणाल्या, "काकू, तुमच्या खाण्यात कार्ब फार आहे. ते कमी करायचं."

अक्का ताठ बसल्या. "मॅडम, आमच्या घरात कार्बाइड न्हाय! आमी आंबे पेंढ्यात आढी घालूनच पिकवतो."

मॅडमनी समजावलं, की भाकरी, भात, चपाती, बटाटा, गूळ, साखर हे सगळं पोटात जाऊन साखरच होतं, त्याला कार्ब म्हणतात.

अण्णा, म्हणजे अक्कांचे मालक, चिंचोळी एमआयडीसीत फिटर होते, आता रिटायर. ते खुर्ची पुढं ओढून बसले. म्हणाले, "मग उरलं काय? पाणी?"

*

मॅडमनी विचारलं, "एका जेवणात भाकऱ्या किती?"

अक्का म्हणाल्या, "भाकरी मोजत नसत्यात मॅडम. मोजली की घरातली बरकत जाती."

"आता मोजायची. एका वेळेला एकच."

दुसऱ्या दिवशी मी वाटी मागायच्या निमित्तानं डोकावले. अक्का जेवायला बसलेल्या. ताटात भाकरी एकच. पण ताट दिसत नव्हतं! चारी बाजूंनी भाकरी ताटाबाहेर लोंबत होती.

"अक्का, हे काय?"

"एक म्हणाल्या, एकच हाय. इचार ह्यास्नी."

अण्णा खाली मान घालून म्हणाले, "मी इचारलं, ही भाकरी हाय का छत्री? तर मलाच उपाशी ठेवलं."

*

छत्री बंद झाली, तशी कडक भाकरी सुरू झाली. आमच्याकडची कडक भाकरी म्हणजे पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. अक्का दुपारी डाळीत चुरून खात होत्या. किती, ते देवाला माहीत. चुरलेली भाकरी मोजणार कशी?

मी हात धरला. तर म्हणतात, "ही चालती गं. वाळलेली हाय की! त्यातलं कार्ब उडून गेलंय."

मी दहावी पास आहे, पण मलासुद्धा क्षणभर पटलं!

*

मॅडमनी शेंगदाणे मूठभर चालतील असं सांगितलं होतं. चार दिवसांनी भिंतीपलीकडून गूळ-शेंगांचा वास आला. माझं नाक कधी चुकत नाही. जाऊन बघते, तर तव्यावर शेंगापोळी!

"अक्का!"

"शेंगा चालत्यात की."

"आणि गूळ?"

"गूळ शेंगाच्या आत हाय. वरनं दिसत न्हाय."

"पोळीचं पीठ?"

"ते नुसतं गुंडाळायला!"

मी डबा उचलला आणि समोरच्या शमीमभाभींच्या पोरांना देऊन आले. शमीमभाभी म्हणाल्या, "अक्का का डायट ऐसाच चलने दो. बच्चे लई खूश हैं!"

पण भाभी मनानं मोठी. त्यानंतर त्यांच्या घरी बिर्याणी झाली की अक्कांसाठी भाताचं शीत न लावता बोट्या वेगळ्या काढून पाठवायच्या, वर कांदा, लिंबू. अक्का डबा उघडून भाताची शितं शोधायच्या. एक सापडलं की डोळे मिटून खायच्या.

*

आणि एकादशी! मी नेहमीप्रमाणं तपासणीला गेले. ताटात साबुदाण्याची खिचडी, उकडलेला बटाटा, बाजूला राजगिऱ्याचे दोन लाडू. मला घेरीच आली.

"अक्का, हे सगळं कार्ब आहे!"

अक्कांनी कपाळाला हात लावला. "अगं, आज उपास हाय माजा. उपासाला कार्ब धरत न्हाईत!"

अण्णा आतून म्हणाले, "मंगल, तू वाद घालू नको. देव साक्षीला हाय तिच्या."

*

आता हा किस्सा हसण्यातला नाही, पण सांगते, कारण चूक माझी होती.

महिन्यानं साखर तपासली. थोडीच उतरलेली. अक्कांचा चेहरा पडला. मी तावातावानं म्हटलं, "थोडं थोडं काही होत नसतं. सगळं बंदच करा!" आणि अक्कांनी पहिल्यांदा माझं ऐकलं. दोन दिवस भाकरी नाही, भात नाही, नुसतं ताक आणि काकडी. साखरेच्या गोळ्या मात्र वेळच्या वेळेला चालू.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर थाप पडली, पण हलकी. धावत गेले तर अक्का मशीनला धरून बसलेल्या, घामानं भिजलेल्या, हात थरथरतायत. साखर पाण्यात कालवून पाजली, अण्णांनी रिक्षा आणली.

त्यांचे साखरेचे डॉक्टर माझ्यावर बरसले. "गोळी चालू असताना जेवण असं तोडायचं नसतं! कमी करा म्हणजे बंद करा नव्हे. आणि खाणं बदललं की मला सांगायचं, गोळी मला बघून बदलावी लागते. हा सल्ला दिला कुणी?"

मी चपलेकडे बघत होते. अक्कांनी क्षीण आवाजात सांगितलं, "टीव्हीवर ऐकलं मी."

त्या दिवसापासून मी मॅडमनी वहीत लिहून दिल्याप्रमाणंच चालले. तळहाताएवढी एक भाकरी, दोन वाट्या भाजी, डाळ, अंडं, ताक. गोळ्या डॉक्टर सांगतील तशा. सकाळी पटांगणाला तीन चकरा, मी सोबत. अक्का चालायच्या, मी कट्ट्यावर बसून मोजायचे.

*

आणि गाडी रुळावर आली! हे मी छाती ठोकून सांगते. भूक आधी आरडाओरडा करते, मग गप्प बसते. दुपारची गुंगी गेली. जिना चढताना अक्का दोनदा थांबायच्या, त्या थांबेनाशा झाल्या. सगळ्यांना असंच होईल का, ते त्यांच्या त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आमच्या अक्कांना झालं.

पण अक्कांना काय! एक दिवस रडत आल्या. अंगावर स्वतः शिवलेला ब्लाउज, खांद्यावरून घसरलेला.

"बघ गं मंगल, डोळं पार गेलं माजं. गेल्या दिवाळीला सोताचाच ब्लाउज एवढा ढगळा शिवला, आन् कळलंबी न्हाय!"

मी टेप काढली आणि माप घेतलं. ब्लाउज बरोबर होता. अक्का उरल्या नव्हत्या!

*

तीन महिन्यांनी डोळ्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि ऑपरेशनची तारीख दिली. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला अण्णा, मी, शमीमभाभी, सगळे हजर. अण्णांच्या हातात रुमाल, माझ्या ओठात देवाचं नाव.

डॉक्टरांनी पट्टी काढली. "हळूच उघडा. काय दिसतंय?"

अक्कांनी डोळा उघडला. भिंतीवरचं घड्याळ वाचलं. नर्सच्या बाहीचा टाका बघून म्हणाल्या, "हितं दोरा सुटलाय पोरी." अण्णांना म्हणाल्या, "दाढी करायची की!" अण्णा रडायलाच लागले.

डॉक्टरांनी माझ्याकडं बोट केलं. "आणि ह्या?"

मी पदरानं डोळे पुसत पुढं झाले. अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग खालपासून वरपर्यंत. मग हनुवटीवर बोट ठेवून म्हणाल्या,

"अगं बया मंगल! माजं सगळं कार्ब तू खाल्लंस व्हय?"

डॉक्टर फाइलमध्ये लिहीत म्हणाले, "नजर एकदम क्लिअर!"