जावयानं सांगितलेल्या चाली

माझ्या बाबांना मोबाईलनं चोर ठरवलं. माणसानं नव्हे, मोबाईलनं. आजही हे सांगताना माझं डोकं फिरतं.

बाबा अकोल्याचे निवृत्त शिक्षक. आयुष्यात नाद दोनच, कडक चहा आणि बुद्धिबळ. संध्याकाळी देवळासमोरच्या ओट्यावर ते आणि त्यांचे एक जुने दोस्त पट मांडून बसायचे. त्या दोस्तांना आम्ही काका म्हणतो. सख्खे नाहीत, पण भांडायला सख्ख्यांपेक्षा वरचढ. खेळायचे दोघंच, पण खेळवायची सगळी आळी. हातात भाजीची पिशवी घेऊन चाललेला माणूसही थांबून म्हणायचा, "मास्तर, घोडा काढा न बाप्पा, काय पाहून राहिले!" त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. सल्ला कोणाचाही घ्या. नियम एकच होता आणि तो काकांचा होता: हात सुटला की चाल झाली. सोंगटीवरचं बोट उचललं की विषय संपला. काकांनी स्वतःच्या नातीलासुद्धा कधी चाल परत घेऊ दिली नाही. पोरगी भोकाड पसरून घरात पळाली, काकू तणतणल्या, पण गडी हलला नाही.

मग काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, आणि मुलगा त्यांना धामणगावला आपल्या घरी घेऊन गेला. जाताना त्यानं एक चांगलं काम केलं. दोघांच्याही मोबाईलमध्ये बुद्धिबळाचं अ‍ॅप टाकून दिलं. तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की बाबा अकोल्यात आणि काका धामणगावात असा त्यांचा डाव सुरू व्हायचा. काका डाव्या हाताच्या अंगठ्यानं सोंगट्या सरकवायचे. त्यांच्या अंथरुणातल्या दिवसात तेवढी एक दुपार जिवंत होती. बाबांचंही काही वेगळं नव्हतं, फक्त ते तसं म्हणत नसत.

यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून धोंडे खाऊ घालायचे, वाण द्यायचं, त्याला नारायण मानून पाटावर बसवायचं, ही आमच्याकडची रीत. मी वकील, माझ्या कोर्टाला सुट्टी, आमचे हे कॉलेजात शिकवतात म्हणून त्यांनाही सुट्टी. आम्ही अमरावतीहून अकोल्याला आठवडाभर राहायला गेलो. आईनं पुरण भरलेले धोंडे केले, वर तुपाची धार, सोबत आमरस. नारायण जेवले आणि कूलरसमोर आडवे झाले. तिथंच बाजूला बाबांचा डाव चालला होता.

बाबा ओट्यावरच्या सवयीनं म्हणाले, "जावईबापू, तुमी सांगा बरं, काय चालू?"

माझ्या नवऱ्याला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही. कॅरममध्येसुद्धा हा माणूस स्वतःचीच सोंगटी सोडून दुसऱ्याची घालवतो. पण सासऱ्यानं विचारलं! सासुरवाडीत जावई "मला येत नाही" म्हणेल तर धोंडे पचतील कसे? यांनी स्वतःच्या मोबाईलमध्ये डोकं घातलं, जरा वेळ गेला, आणि म्हणाले, "बाबा, उंट तिकडं न्या."

बाबांनी उंट नेला. मग रोजच विचारू लागले आणि हे रोजच सांगू लागले. बाबा जिंकत गेले. आईला मोठ्यानं सांगायचे, "जावई काय डोक्याचा माणूस हाय वं!" मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि मनात म्हणायची, चला, या माणसाचा कुठंतरी उपयोग झाला.

आम्ही अमरावतीला परतलो आणि थोड्याच दिवसांत आईचा फोन आला. बाबा जेवत नाहीत, म्हणाली. काय झालं, तर अ‍ॅपवाल्यांनी त्यांचं खातं बंद केलं होतं. बाहेरून मदत घेऊन गैरमार्गानं खेळल्याचं आढळलं, असा निरोप होता. आणि खरी कमाल पुढंच. तोच निरोप काकांनाही गेला होता: तुमच्याशी खेळणाऱ्यानं फसवणूक केली, तुमचे गेलेले गुण परत देत आहोत. बाबांनी लगेच काकांना फोन लावला. काकांनी उचलला नाही. पुन्हा लावला. मग सुनेनं उचलला आणि चाचरत म्हणाली, "ते बोलत नाही म्हणते."

मी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि तडक अकोला गाठलं. रस्ताभर माझं तोंड थांबलं नाही. अरे, तुम्ही आहात कोण? ज्या माणसानं आयुष्यभर पोरांच्या परीक्षेत कॉपी पकडली, त्याला तुम्ही कॉपी केली म्हणता? कोर्टात खुनाच्या आरोपीलासुद्धा विचारतात, बाबा रे, तुझं काय म्हणणं आहे. इथं ना वकील, ना साक्ष, ना तारीख, थेट शिक्षा. हे शेजारी बसून गाडी चालवत होते आणि "हो ना, हो ना" म्हणत होते. जरा जास्तच म्हणत होते, पण तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही.

अकोल्यात पोचल्यावर मी आधी अ‍ॅपवाल्यांना अर्ज लिहिला. वकिली इंग्रजीत, चांगला सणसणीत. पाणी पिऊन येते तोवर उत्तर हजर. एवढ्या वेळात माणूस चष्मासुद्धा शोधत नाही हो! निर्णय अंतिम आहे, असं लिहिलं होतं. मात्र आम्ही दुसऱ्या संधीवर विश्वास ठेवतो. खालच्या चौकोनावर 'मी नियम मोडला, मला मान्य आहे' असं दाबा, की नवं खातं मिळेल.

दुसरी संधी म्हणे! आधी चोर म्हणून अंगठा उमटव, मग आत ये. मी मोबाईल पलंगावर आपटला. "बाबा, हे दाबायचं नाही. मेले तरी दाबायचं नाही."

"मी कायले दाबू?" बाबा म्हणाले. "म्या चोरी केलीच नाई." "अ‍ॅप जाऊ दे वं चुलीत. पण त्याले काय वाटलं असीन? पडल्या माणसाले फसवलं म्हणून तो माह्या नावानं थुकला असीन."

आईनं सगळ्यांसमोर पोहे ठेवले. बाबांनी ताट बाजूला सारलं आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "चांगलं चाललं होतं. जावईबापू सांगत होते तवापासून तं मी हारलोच नाई."

आमच्या ह्यांना ठसका लागला.

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते पोह्यांतले शेंगदाणे निवडू लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाचं खोटं मला त्याच्या मानेवरून कळतं.

"घोडा कसा चालते, सांगा बरं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे घोडा. बुद्धिबळातला. कसा चालते?"

"असा... सरळ. उडी मारून."

"कुठून काढत होते तुमी त्या चाली?"

मग हळूहळू बाहेर आलं. यांच्या मोबाईलमध्ये दुसरं एक अ‍ॅप होतं. त्यात पट जसाच्या तसा मांडायचा, की यंत्र सगळ्यात चांगली चाल सांगतं. जगज्जेत्यालाही हरवील अशी. हे तीच बाबांना सांगत होते. "मला वाटलं बाबांना आनंद होतो," म्हणाले. "आणि त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा नाही कसं म्हणणार? सासऱ्यासमोर जावयाची काही इज्जत असते की नाही?"

"इज्जत! कोणाच्या बापाची इज्जत घालवून तुमची इज्जत ठेवली, कळते का?" मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. आई "अगं, जावई आहेत, जावई आहेत" करत राहिली. जावई आहेत म्हणूनच तर हे रामायण घडलं! एखादा भाचा असता तर बाबांनी पहिल्याच चालीला त्याला विचारलं असतं, काहून बे, हे तुले कसं सुचलं?

बाबा मात्र ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "दोनदा मले वाटलं होतं, घोडा काढावा. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाचा शब्द कसा मोडा, म्हणून उंट काढला." पुढं म्हणाले, "म्हणजे अ‍ॅपवाला खरंच बोलून राहिला."

याचा मला सगळ्यात जास्त राग आला. ते निर्बुद्ध यंत्र खरं बोलत होतं, आणि माझ्या घरातला शिकलेला माणूस खोटं.

"बाबा, तुम्हाला कुठं माहीत होतं?" मी म्हटलं.

"माहीत नव्हतं. पण चाल तं माह्याच हातानं झाली न." त्यांनी पलंगावरचा मोबाईल उचलला, चष्मा लावला आणि तो चौकोन दाबला. मी नको नको म्हणेपर्यंत पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडाले. नवं खातं तयार. अभिनंदन.

फाशी द्यायला जेवढा वेळ, तेवढाच माफी द्यायला. बाबांनी ते उडते तुकडे पाहिले आणि मोबाईल पालथा ठेवला. "याचं अन् माहं काई वाकडं नव्हतंच," ते म्हणाले. "ज्याचं वाकडं हाय, त्याच्याकडं जाऊ. पट कुठी हाय आपला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रेल्वेनं धामणगावला निघालो. जुना लाकडी पट बाबांच्या मांडीवर होता. बडनेरा गेलं, चांदूर गेलं. ह्यांनी मला चहा आणून दिला, खिडकीची जागा दिली, शेवटी हळूच विचारलं, "मला एक चान्स देशील की नाही?"

"धोंड्याचा महिना तीन वर्षांनी येतो," मी म्हटलं. "तेव्हा पाहू."

काका पुढच्याच खोलीत उशांना टेकून बसवलेले होते. खूप वाळले होते. बाबांना पाहून त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. काका इथं आल्यापासून बाबा पहिल्यांदाच आले होते, हे मला तेव्हा उमगलं. रोज मोबाईलवर भेट होते, मग उन्हातान्हात कशाला जा, असं दोघांनाही सोयीचं झालं होतं.

बाबांनी माझ्या नवऱ्याला पुढं केलं. ह्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं, दुसऱ्या अ‍ॅपसकट. एकही शब्द गाळला नाही, तेवढं मात्र मी मान्य करते. काका भिंतीकडंच पाहत होते. मग जड जिभेनं, एकेक शब्द ओढत बोलू लागले.

"मदत घेतली, त्याचा राग नाई. ओट्यावर समदेच सांगत होते." त्यांना दम लागला. सुनेनं पाणी पाजलं. "तू असा खेळतच नाई, हे मले दुसऱ्याच दिवशी समजलं. मले वाटलं, तू कटाळला. बिमार माणसासंग किती खेळा म्हून यंत्राले बसवलं माह्यापुढं, अन् तू झोपून राहिला."

"नाई रे," बाबा म्हणाले. "नाई रे, बाप्पा." आणि खाली बसून पट उघडू लागले. काकांच्या बाजूच्या सोंगट्या ह्यांनी लावल्या. घोडा आणि उंट उलटे ठेवले, काकांनी डाव्या हातानं बरोबर करून घेतले.

डाव सुरू झाला. बाहेर धान्याचा ट्रॅक्टर उभा होता, त्याचं इंजिन चालूच होतं. काका सावकाश खेळत होते, प्रत्येक चालीला श्वास घेत. अर्ध्या डावात बाबांनी वजीर उचलला आणि काकांच्या हत्तीच्या तोंडात नेऊन ठेवला. वर बोट काढून घेतलं, म्हणजे काकांच्या नियमानं चाल झाली. मला बुद्धिबळ थोडंफार कळतं. ही चूक शाळेतलं पोरही करणार नाही. बाबांनी मुद्दाम ठेवला होता.

काकांनी वजिराकडं पाहिलं. मग बाबांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला, तोंडाचा एक कोपरा थरथरू लागला. मी घाबरून उठले, सूनही धावली.

"पाह्य!" काका ओरडले. इतका मोठा आवाज त्यांना काढता येतो हे घरच्यांनाही माहीत नसावं. "पाह्य कसा! पुना फसवून राहिला मले!"

बाबांनी मान खाली घातली. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

काकांचा डावा हात पुढं आला. त्यांनी हत्ती उचलला नाही. बाबांचा वजीर उचलला आणि बाबांच्या तळहातावर ठेवला.

"चाल वापस घे," ते म्हणाले. "अन् नीट खेळ."