डॉल्फिनच्या पिल्लामागे

इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीची सहल कोकणात निघाली, तेव्हा निफाडला गाई सांभाळणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीलाही मी सोबत नेलं. सकाळीच आम्ही सगळे डॉल्फिन बघायला होडीत बसलो.

थोड्या वेळाने पाण्यावर एक काळसर पाठ दिसली आणि तिला चिकटून दुसरी, अगदी छोटी. एकच ओरडा झाला. चारी बाजूंनी होड्या त्या दोघांवर धावल्या. मायलेकरं बुडी मारायची, श्वास घ्यायला वर यायची, की पुन्हा इंजिनं त्यांच्या अंगावर.

ताई एकदम उठून उभी राहिली. "भाऊ, इंजिन बंद करा."

"मग ती लांब जातील, ताई," होडीवाला म्हणाला.

"जाऊ द्या की. लेकरू लय दमलंय. नुकत्याच व्यालेल्या गाईला असं कुणी पळवतं का?"

"एवढ्या लांबून बघायला आलोय आम्ही!" मागून कुणीतरी चिडून म्हणालं. तेव्हा मीही ताईशेजारी उभी राहिले. होडीवाल्याने आमच्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. आमच्या बाजूला वाट मोकळी झाली आणि तिथूनच ती दोघं खोल समुद्राकडे निघून गेली.

यंदा सोसायटीची सहल परदेशात आहे आणि तिच्यात टाकीतल्या डॉल्फिनचा खेळ आहे. "तो खेळ काढा, नाहीतर मी येत नाही," असं मी बैठकीत सांगितलं. दोनच घरं माझ्या बाजूने बोलली. बाकीच्यांकडे मी आता एकेक करून जाते आहे.