कोऱ्या पानावरच्या सह्या

माझी मावशी बावीस वर्षं एका खिडकीमागे बसली. दवाखान्यात डॉक्टर तपासत आणि आतल्या कोंदट खोलीतून मावशी गोळ्यांच्या पुड्या बाहेर सरकवी. कोणाला कोणती गोळी सोसत नाही, हे तिला तोंडपाठ. पण जवळ शिक्षणाचा एकही कागद नव्हता. दुसरीकडे तिला कोणी दारातही उभं केलं नसतं.

मग नियम आला. डॉक्टरांनी औषध द्यायचं ते स्वतः तपासलेल्या पेशंटलाच, आणि प्रत्येक नोंदीपुढे स्वतः सही करायची. डॉक्टरांना याचा भारी कंटाळा. सकाळी आल्या आल्या ते रजिस्टरचं अख्खं पान सह्यांनी भरून टाकत. नावं दिवसभर मावशीने लिहायची. हुक्की आली की उद्याचंही पान उरकत.

"साहेब, हे अंगाशी येईल," मावशी म्हणाली.

"तुम्ही असताना कशाला येईल?" डॉक्टर हसले.

एका संध्याकाळी डॉक्टर जिन्यावरून पडले. दोन दिवस हॉस्पिटलात. तिथून फोन केला, "नेहमीच्या पेशंटना परत पाठवू नका." सह्यांचं पान तयारच होतं. मावशीने एकवीस जणांना रोजच्या गोळ्या दिल्या. कोणाला काही झालं नाही.

महिन्याभराने तपासणीला अधिकारी बाई आल्या. पायाचं प्लास्टर पाहून त्यांनी सहज विचारलं, आणि डॉक्टरांनी आपल्या पडण्याची कथा तारीखवार, रंगवून सांगितली. बाईंनी रजिस्टरचं पान उलटलं.

"मग त्या दोन दिवसांच्या सह्या कोणाच्या?"

डॉक्टर टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. मावशी कात्रीत सापडली. खरं बोलावं तर डॉक्टरांचा औषधं द्यायचा परवाना जाणार, खिडकी बंद, तीही घरी. खोटं बोलावं तर ती एकटीच घरी.

"मी केल्या," ती म्हणाली.

"करून दाखवा." बाईंनी कोरा कागद पुढे केला.

अंगावर घेतलेल्या दोषातून सुटायची तेवढीच एक फट होती. सही चुकली असती, तर खोटं तिथेच उघडं पडलं असतं. पण बावीस वर्षं ती सही तिच्या डोळ्यांखालून गेलेली. एका दमात उतरली, शेवटच्या शेपटीसकट. डॉक्टरांनी हुश्श केलं. त्या हुश्शबद्दल मी त्यांना कधीच माफ करणार नाही.

पुन्हा कधी औषधाला हात लावणार नाही, असं मावशीकडून लिहून घेतलं गेलं.

आता खिडकीमागे नवी मुलगी बसते. जवळ औषधाचं दुकान नाही, म्हणून रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी मावशी तिथेच बाहेर रांगेत उभी राहते. परवा मी सोबत होतो. मुलीने रजिस्टर ओढलं. पान खालपर्यंत सह्यांनी भरलेलं. मी तोंड उघडणार, तोच मावशीने माझा दंड घट्ट धरला. पुडी घेतली आणि खिडकीत वाकली.

"पोरी, त्या सहीकडे फार बघत जाऊ नकोस."